बांधावर करंज लावावा की उंडी?

कोकणात जाऊन आलेल्यांच्या पिशवीत आमसुलांसोबत कधीकधी उंडीच्या गोल बियाही निघतात. किनाऱ्यावर त्या गर्द सावलीत बसलं, पिवळ्या केसरांच्या पांढऱ्या फुलांचा वास आला, की माणूस भुलतोच. मीही भुललो होतो. पण बीड-परभणीकडच्या बांधावर खड्डा घेण्याआधी थोडा हिशेब करा.

उंडी म्हणजे संस्कृतातला पुन्नाग. वाळू, खारा वारा, दमट हवा हे तिचं माहेर. लाकूड होड्यांना आणि बियांचं कडू तेल, म्हणजे उंडेल, दिव्याला किंवा दुखऱ्या सांध्यांना चोळायला. तिच्या बीच्या गरात निम्म्याहून जास्त तेल असतं, करंजाच्या बीत ३० टक्क्यांच्या आसपास. इथंच लोक फसतात. कोकणात पाऊस ३००० मिमीच्या घरात, आपल्याकडे सरासरी ७००च्या आसपास, आणि मध्येच महिनाभर उघडीप. त्यात डिसेंबरातली परभणीची थंडी कोवळ्या रोपाला सोसत नाही. वाढही संथ.

करंजही तसा किनाऱ्याचा आणि नदीकाठचाच, पण त्यानं घाट कधीच ओलांडलाय. काळी, मुरमाड, थोडी खारवट, कसलीही जमीन चालते. झाड शेंगवर्गीय, त्यामुळे मुळांवरच्या गाठी नत्र धरतात. पाला कडू, म्हणून शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. कुंपण न परवडणाऱ्याला हे फार मोठं. चार-पाच वर्षांत शेंगा लागू लागतात. तेल खरजेवर लावायचं, पेंड शेतात खत म्हणून टाकायची, कोवळी काडी दातांना. फुलांवर मधमाश्या येतात. अडचण एकच: मुळांतून फुटवे येतात, ते काढत राहावं लागतं.

परसपिंपळही किनाऱ्याकडचाच. सकाळी पिवळं असलेलं त्याचं फूल संध्याकाळी लालसर होतं, देखणं झाड. पण कपाशीशेजारी नकोच. कपाशीच्याच कुळातला तो, लाल ढेकूण आणि गुलाबी बोंडअळी दोघांनाही आसरा देतो.

तर बांधाला करंज. उंडीची हौस असेल तर विहिरीजवळ, पाणी झिरपतं तिथं, एकच लावा, तीही सावलीसाठी आणि वासासाठी. कवच हलकेच फोडून बी पेरा, लवकर उगवतं. पहिले दोन हिवाळे रात्री वरून गोणपाट टाका. आणि तेल कोणतंही असो, वरून लावायचं, पोटात नाही.