कंत्राटदार की कामगारांची सोसायटी?

कारखान्याची शेड किंवा पूल बांधून घ्यायचा तर नेहमीची वाट म्हणजे खासगी कंत्राटदार. यंत्रं त्याच्याकडे तयार असतात, दर लगेच मिळतो, छोट्या कामाला तो पुरतोही. पण मोठं काम पोटकंत्राटदाराकडे, तिथून मुकादमाकडे उतरत जातं. सळई काँक्रीटमध्ये नीट झाकली जावी म्हणून तिच्याखाली ठेवायचे ठोकळे (कव्हर ब्लॉक) बसले नाहीत, नवं काँक्रीट ओलं ठेवायला (क्युरिंगला) पाणी कमी पडलं, तर ते डोळ्यांनी पाहणारा मजूर पुढच्या महिन्यात दुसऱ्याच साइटवर असतो. ग्राहकाला हे सांगणार कोण?

दुसरी वाट केरळात वडकराजवळच्या ऊरालुंगल लेबर कॉन्ट्रॅक्ट सोसायटीने दाखवली. १९२५ पासूनची ही संस्था कामगारांच्याच मालकीची, संचालकही सभासदांतून निवडलेले. इथे काम बिघडलं तर नाव जातं ते त्यांच्या स्वतःच्या संस्थेचं. खासगी कंत्राटदाराने बांधलेला कोचीचा पालारिवट्टम उड्डाणपूल २०१६ मध्ये खुला झाला आणि तडे गेल्याने २०१९ मध्ये बंद करावा लागला. दिल्ली मेट्रोच्या देखरेखीखाली ऊरालुंगलने तो सहा महिन्यांच्या आत नव्याने उभा केला, मार्च २०२१ मध्ये वाहतूक सुरूही झाली.

मला विचाराल तर पिढ्यान्‌पिढ्या टिकायला हवं असं काम मी सोसायटीलाच देईन, दर थोडा जास्त पडला तरी. फक्त आपल्याकडे मजूर सहकारी संस्थेला काम देण्याआधी सभासद यादी मागवा आणि साइटवर जाऊन त्यातली माणसं खरंच कामावर दिसतात का, ते स्वतः बघा.