रेशीमवाला गायब झाला तिथला वॉक: रस्त्याला पाच स्टार, गाईडच्या थिअरीला दोन

आई-बाबा चिंचवडहून तीन आठवड्यांसाठी मलेशियात क्वालालंपूरला आले होते, ट्विन टॉवर झाले, बाटू केव्ह्जच्या पायऱ्या झाल्या, आता न्यायचं कुठं म्हणून कॅमरन हायलँड्स हे इथलं थंड हवेचं ठिकाण ठरवलं. बाबा स्ट्रॉबेरीचे बोर्ड बघून गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाले, हे तर महाबळेश्वर. म्हणून काहीतरी वेगळं पाहिजे ना, तर एका लोकल गाईडचा जिम थॉम्पसन वॉक बुक केला. साधारण तीन तास. गाईडचं नाव टाकत नाही, तक्रार करणार आहे आणि बिचारा एकटाच सगळं सांभाळतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जिम थॉम्पसन म्हणजे बँकॉकला जे सागवानी घराचं म्युझियम आहे ना, त्या घराचा मालक. अमेरिकन, मूळचा आर्किटेक्ट, दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या हेरखात्यात होता, नंतर बँकॉकला राहिला आणि थाई रेशमाचा धंदा जगभर नेला. २६ मार्च १९६७, ईस्टरचा रविवार, वय ६१. मित्रांकडे सुट्टीला आलेला, मूनलाइट नावाच्या बंगल्यात. सकाळी सगळे चर्चला गेले, मग डोंगरावर पिकनिक, दुपारी परत, बाकीचे जरा आडवे झाले आणि हा बाहेर पडला तो पडलाच. आजपर्यंत पत्ता नाही.

वॉक चर्चपासून सुरू होतो. ऑल सोल्स चर्च म्हणजे मिलिटरीची अर्धगोल पत्र्याची शेड असते तसलं, मी आपलं उंच मनोरा वगैरे डोक्यात घेऊन गेलेले. इथं गाईड जरा लांबण लावतो, चहा हवा होता.

खरी मजा बंगल्याच्या रस्त्यावर. आम्ही बंगला बाहेरूनच बघितला, टेकाडावर आहे, खाली वळणावळणाचा रस्ता. इथं गाईडने एक गोष्ट फार भारी केली. आतल्यांना त्या दिवशी खडीवर पावलं वाजल्यासारखं ऐकू आलं होतं म्हणे, तर त्याने आम्हाला डोळे मिटून उभं केलं आणि स्वतः खडीवरून चालत गेला. सात-आठ पावलं ऐकू आली, मग काहीच नाही. डोळे उघडले तर माणूस वळणाआड. अंगावर काटा आला राव. आईने माझा हात धरला होता.

मग त्याने विचारलं, काय वाटतं तुम्हाला, आणि आमच्याकडे काय, सगळे डिटेक्टिव्हच. थॉम्पसनची सिगारेट आणि लायटर घरातच राहिलं होतं, औषधाची डबीसुद्धा. आई लगेच म्हणाली, "अगं मग तो लांब जायला निघालाच नव्हता. तुझे आजोबा नाक्यापर्यंत जायचे तरी विडी-काडी चाचपून जायचे." इतक्या सगळ्या थिअऱ्यांमध्ये मला हे सगळ्यात पटलं. आता पळून जायचं म्हणून मुद्दाम ठेवून जाणारे पण असतील, पण गोळ्या?

बाबा रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. ते तोपर्यंत वळणापर्यंत जाऊन उकिडवे बसून रस्ता बघत होते. त्यांचं म्हणणं, वरून उतरणाऱ्याला पायी चालणारा दिसतच नाही, भाजीच्या ट्रकने उडवलं असणार, ड्रायव्हर घाबरला, कुठंतरी पुरून टाकलं. ही थिअरी जुनीच आहे, पण बाबांना ते माहीत नव्हतं, त्यामुळे ते दिवसभर खुशीत होते.

आता तक्रार. आमचं ऐकून घेतलं आणि मग गाईडने निकालच लावला. किडनॅपिंग. गाड्या कुठून आल्या, किती आल्या, आत कोण बसलं होतं, सगळं असं सांगतो जसं काही मागच्या सीटवर हाच होता. मी विचारलं, पैसे कोणी मागितले का? कारण खंडणीची मागणी कधी आलीच नाही, हे तर सगळीकडे आहे. तर म्हणतो, दॅट इज द प्रूफ. घ्या! वर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थॉम्पसनच्या बहिणीचा अमेरिकेत खून झाला तोही यातच जोडून टाकला. तो खून उलगडला नाही हे खरं, पण कोणाची तरी बहीण मेलीय आणि तुम्ही हसत हसत ठिपके जोडताय, आईला ते अजिबात आवडलं नाही, मलाही नाही.

म्हणजे १९६७ पासून हेच चालू आहे म्हणा. पोलीस, सैनिक, जंगलातले ओरांग अस्ली (इथले आदिवासी) वाटाडे असे सगळे ११ दिवस शोधत होते, आणि शिवाय मांत्रिक. पीटर हुरकोस नावाचा डच भविष्यवाला आला आणि त्याने सांगून टाकलं की माणूस कंबोडियात नेलाय. वाघाने खाल्ला, कम्युनिस्टांनी नेला, सीआयएने गायब केला, काय वाट्टेल ते. कोर्टाने १९७४ मध्ये मृत जाहीर केलं.

माझं मत? गाईड पुढे गेला तेव्हा मी रस्ता सोडून फक्त दहा पावलं झाडीत गेले आणि मागे वळले तर रस्ता गुल. आईचा आवाज येतोय पण कुठल्या बाजूने ते कळेना. वेताचे काटे, पायाखाली कुजलेला पाला, तो दाबला की पाय आत जातो. मला वाटतं हा माणूस जरा फिरून येतो म्हणून निघाला आणि कुठंतरी घसरला. पण मग ११ दिवसांत साधा बूट तरी सापडायला हवा होता ना, तिथं माझीही गाडी अडते.

जायचं असेल तर दुपारचा स्लॉट घ्या, त्याच वेळेला त्या रस्त्यावर उभं राहण्यात गंमत आहे, फक्त पाऊस दुपारीच येतो, रेनकोट पाहिजेच. आईने चपलेवर हट्ट केला आणि चिखलात एक पट्टा गेला. मध्ये कुठंही टॉयलेट नाही, टाना राटा गावातच जाऊन निघा. एकूण साडेतीन स्टार, किडनॅपिंगची कॅसेट बंद केली तर साडेचार.

परत येताना तापाहचा घाट मी उतरवत होते. बाबांनी प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायला लावला. मी म्हटलं, बाबा, इथं कोणी हॉर्न वाजवत नाही हो. तर म्हणाले, "वाजव तू. कोणी चालत येत असलं तर?"