सांता क्लारा काउंटी: हिशेब चोख, पण दाद मागायची कुठे?

कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आसपास घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाची सांता क्लारा काउंटीशी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) खरी ओळख मालमत्ता कराच्या बिलातून होते, म्हणून या काउंटीच्या कारभाराचे परीक्षण तिथूनच सुरू करतो. बिलात १ टक्का मूळ कर, त्याखाली मतदारांनी मंजूर केलेल्या शाळा-कॉलेजांच्या कर्जरोख्यांचे दर आणि शेवटी विशेष आकारण्या, अशी फोड स्वच्छपणे दिलेली असते. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या राज्यातील मतदारांनी मंजूर केलेल्या नियमामुळे करपात्र मूल्य एरवी, म्हणजे घराची मालकी बदलेपर्यंत, वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढत नाही, शेजारच्या तशाच घराचा जुना मालक आपल्यापेक्षा कितीतरी कमी कर भरतो तो यामुळेच, आणि त्याचा राग काउंटीवर काढण्यात अर्थ नाही, कारण नियम राज्याचा आहे.

नवख्या माणसाची पंचाईत होते ती पुढे. घराचे मूल्य ठरवणारा असेसर मतदार थेट निवडतात, वसुली मात्र वित्त विभाग करतो आणि तो विभाग येतो काउंटी एक्झिक्युटिव्ह म्हणजे मुख्य प्रशासकाच्या हाताखाली, ज्याची नेमणूक पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांचे मंडळ करते. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आणि डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी (मुख्य सरकारी वकील) हेही थेट निवडले जातात. त्यांचे अंदाजपत्रक मंडळ मंजूर करते, पण ते उत्तरदायी असतात मतदारांना. त्यातच काउंटीत १५ शहरे असून प्रत्येकाची नगर परिषद वेगळी, त्यामुळे आपल्या गल्लीतला खड्डा बहुधा शहराचा आणि सार्वजनिक रुग्णालय काउंटीचे, हे आधी समजून घ्यावे लागते.

आपल्याकडे जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकार पाठवते. इथे तो निवडलेले मंडळच नेमते आणि काढूही शकते. महाराष्ट्रात अलीकडे बहुतेक जिल्हा परिषदांवर निवडणुकांअभावी काही वर्षे प्रशासक बसले होते, हे आठवले की या व्यवस्थेचे मोल विशेष जाणवते.

मंडळाच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका खुल्या बैठकांसाठीच्या १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते आणि कोणालाही उभे राहून बोलता येते. मात्र या बैठका कामाच्या दिवशी सकाळी भरतात. नोकरदार माणसाने रजा काढून जावे आणि वक्ते वाढल्यामुळे जेमतेम मिनिटभर मिळावे, हा व्यवहार काही पटत नाही. लेखी म्हणणे पाठवण्याची सोय आहे, तीच सोयीची.

घर घेतलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी: वार्षिक बिलाखेरीज नव्या मूल्यानुसार पुरवणी बिल येते आणि ते मालकाच्याच पत्त्यावर येते, कर्ज देणारी बँक ते आपोआप भरेल असे समजू नये. वार्षिक कराच्या हप्त्यांच्या अखेरच्या तारखा १० डिसेंबर आणि १० एप्रिल असून उशीर झाल्यास १० टक्के दंड बसतो. बिलाच्या स्पष्टतेला मी पूर्ण गुण देईन. दाद मागण्याच्या वाटेला निम्मेच.