दळणाच्या गाण्यांना शीर्षक मागताना: 'साको' सेवेचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात दिल्लीहून आलेल्या खोक्यात एक पातळ पुस्तक निघालं. सातारा भागातल्या बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचा संग्रह, जेमतेम शंभर पानांचा. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठी आणि गुजराती पुस्तकांचं कॅटलॉगिंग करते. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचं, दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून दक्षिण आशियातली पुस्तकं जमवून इकडच्या ग्रंथालयांना पाठवतं, त्यातलंच हे एक. नाव, प्रकाशक, पानं, आकार सगळं पटापट भरून झालं आणि विषयशीर्षकापाशी, म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगणाऱ्या ठरावीक नावापाशी, हात थांबला.

आमच्याकडे विषयशीर्षकं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीतून घ्यायची असतात. या यादीचं काम १८९८ मध्ये सुरू झालं आणि आज जगभरातली ग्रंथालयं ती वापरतात. तिच्यात शोधल्यावर मला 'फोक साँग्ज, मराठी' मिळालं, 'वर्क साँग्ज' मिळालं. दळणाच्या गाण्यांसाठी स्वतंत्र शीर्षक काही दिसलं नाही. अंगाईगीतांना आहे, ख्रिसमसच्या कॅरोलना आहे. पहाटे चारला उठून दोन दगडांमध्ये धान्य आणि आयुष्य भरडणाऱ्या बायकांच्या गाण्यांना मात्र 'लोकगीते' या मोठ्या गोणीतच जागा होती. माझी आजी जात्याच्या खुंट्याला हात घालून पहिली, दुसरी, तिसरी अशी मोजत ओव्या म्हणायची. ते पुस्तक तसंच पुढे सरकवणं मला जमेना. म्हणून मी पहिल्यांदा 'साको'कडे गेले.

साको म्हणजे या यादीसाठी नवीन विषयशीर्षक सुचवण्याची, जुनं बदलून मागण्याची सहकारी व्यवस्था. प्रस्तावाला पैसे पडत नाहीत. अमेरिकेबाहेरची ग्रंथालयंही प्रस्ताव पाठवतात. एकट्याने झेपणार नसेल तर समान विषयावर काम करणाऱ्यांचे गट असतात, त्यांना फनेल म्हणतात. गटातली अनुभवी व्यक्ती आधी तुमचा मसुदा वाचते, दुरुस्त्या सांगते, मग तो पुढे जातो. मी याच वाटेने गेले आणि नवख्या माणसाला मी हीच वाट सांगेन.

तयारीचं साहित्य फारच चांगलं आहे, हे आधी सांगायला हवं. विषयशीर्षकांची नियमपुस्तिका पीडीएफमध्ये फुकट मिळते. पूर्ण यादीही फुकट उतरवून घेता येते. शिकण्यासाठी व्हिडिओंची मालिका आहे, तीही फुकट. नियमपुस्तिकेतली एच १८७ आणि एच २०२ ही दोन प्रकरणं आधी वाचा. पहिलं सांगतं नवीन शीर्षक कधी मागायचं, दुसरं सांगतं त्यासाठी शोध कसा घ्यायचा. मी एच २०२ चार वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी माझ्या मसुद्यातली एक ओळ पडली.

मूळ अट एकच: हातात पुस्तक हवं. विषय कितीही महत्त्वाचा असला तरी त्यावरचं साहित्य ग्रंथालयात आल्याशिवाय शीर्षक मिळत नाही. मला ही अट आवडते. कुणाच्या मर्जीवर शब्द ठरत नाही, छापून आलेल्या मजकुरावर ठरतो.

आता प्रत्यक्ष अर्ज. १५० क्रमांकाच्या रकान्यात सुचवलेलं शीर्षक. ४५० मध्ये त्याच गोष्टीची बाकीची नावं, म्हणजे वाचकाने त्यातलं कुठलंही टाकलं तरी तो योग्य ठिकाणी पोचावा. ५५० मध्ये वरचा व्यापक विषय. आणि ६७० मध्ये पुरावे. यातला पहिला पुरावा हातातलं पुस्तक, पानाच्या क्रमांकासह. त्यानंतर कोश आणि इतर ग्रंथ, कुठल्या ग्रंथात नेमका कोणता शब्द सापडला ते.

मी १५० मध्ये आधी 'ओवी' लिहिलं होतं. आपल्याला दुसरं काय सुचणार? गटातल्या बाईंनी, ज्यांना मराठी येत नाही, मला दोनच प्रश्न विचारले. ओवी हा फक्त गाण्याचा प्रकार आहे का? आणि दळताना गाणं ही फक्त महाराष्ट्रातली गोष्ट आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच द्यावं लागलं. ज्ञानेश्वरी ओवीतच आहे. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांचं नातं जवळचं असलं तरी ओवी हा आधी छंद आहे. 'ओवी' या एका शब्दाखाली ज्ञानेश्वरीवरचा प्रबंध आणि सासुरवाशिणीचं गाणं एकत्र येऊन बसलं असतं आणि दोन्ही शोधणाऱ्यांची फसगत झाली असती.

दुसऱ्या प्रश्नाने माझे तीन आठवडे घेतले, आणि हा अर्ज मला लक्षात राहील तो त्यामुळेच. महाराष्ट्राचा पुरावा हाताशी होता. गी पॉइत्वँ आणि हेमा राइरकर यांनी पुण्याहून उभ्या केलेल्या कामातून खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि ग्रामीण भारताचा डिजिटल संग्रह असलेल्या 'परी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आज मूळ आवाजात ऐकता येतात. पण बाहेर? आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या प्वेब्लो या मूळनिवासी लोकांवरची पुस्तकं आहेत. त्यांत मका दळतानाची गाणी निघाली. लागुना आणि झुनी या गावांतल्या बायका दगडावर मका वाटताना म्हणत ती. मग प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने नोंदवलेलं लेस्बोस या ग्रीक बेटावरचं जात्याचं गाणं सापडलं, त्यात दळणारी बाई जात्याला म्हणते की दळ, राजा पिट्टाकसही दळतोय. त्या संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर जमिनीवर बसून ती पानं पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या आजीला साताऱ्यापलीकडे फारसं काही ठाऊक नव्हतं. तिच्या गाण्याला इतकी सोयरी आहेत हे ती गेल्यावर मला कळत होतं.

१५० मधला 'ओवी' मी काढला. तिथे दळणाच्या गाण्यांसाठी साधं इंग्रजी सामान्यनाम घातलं, ज्याला पुढे भारत, महाराष्ट्र असं स्थळ जोडता येईल. ५५० मध्ये 'वर्क साँग्ज'. ४५० मध्ये जात्यावरच्या ओव्या, जात्यावरची गाणी, आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेत मिळालेलं दळणाची गाणी, हे सगळं ठरलेल्या रोमन लिप्यंतरात.

आता उणं काय ते. यादीची भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे आपला शब्द बहुतेक वेळा ४५० मध्ये, म्हणजे ओसरीवर राहतो. शोधणाऱ्याला तो घरात नेतो हे खरं, पण कार्डावर नाव दुसरंच दिसतं. मला हे सलतं. तरी या प्रकरणात सामान्यनाम योग्य होतं असंच मी म्हणेन.

दुसरं म्हणजे वेळ. घाईच्या कामासाठी ही सेवा नाही. आणि शब्द राजकीय असेल तर वाट फार लांबते. सॅनफर्ड बर्मन या मिनेसोटाच्या ग्रंथपालांनी शीर्षकांमधल्या पूर्वग्रहांवर १९७१ मध्ये पुस्तक लिहिलं आणि पुढे कित्येक वर्षं बदलाची पत्रं पाठवली. 'इल्लीगल एलियन्स' (बेकायदा परके) हे शीर्षक बदला, ही मागणी डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये केली. २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने बदल जाहीर केला, तेव्हा अमेरिकी संसदेतूनच विरोध झाला, आणि शब्द प्रत्यक्षात बदलला २०२१ च्या अखेरीस. याच यादीत एकेकाळी 'अनटचेबल्स' हे शीर्षक होतं. आज तिथे 'दलित्स' आहे. जुना शब्द टाकणाऱ्यालाही यादी नव्याकडेच नेते. मराठी माणसाला या एका बदलाचं मोल समजावून सांगावं लागू नये.

जमेची बाजू अशी की सगळं उघड्यावर चालतं. विचाराधीन प्रस्तावांची तात्पुरती यादी प्रसिद्ध होते, तिच्यावर कुणीही मत कळवू शकतं. मंजूर शीर्षकांची यादी येते आणि नाकारलेल्या प्रस्तावांची कारणंही छापली जातात. ती कारणं मी आता नेमाने वाचते. कुणाचं शीर्षक का अडलं हे वाचून जेवढं शिकायला मिळतं तेवढं वर्गात मिळालं नव्हतं. माझी पहिली नोकरी महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात होती. तिथे लग्नाच्या गाण्यांपासून वासुदेवाच्या गाण्यांपर्यंत सगळ्यावर मी 'लोकसाहित्य' लिहून मोकळी होत असे. वाचक यायचा आणि मी त्याला कपाटापाशी उभं करून म्हणायचे, यात बघा. त्या वाचकांची मला आता आठवण येते.

मराठी ग्रंथपालांनी या सेवेकडे यावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या पुस्तकांना शीर्षक देणाऱ्या माणसाने जातं पाहिलेलं असेलच असं नाही, त्याच्यापर्यंत पुरावा आपणच पोचवायचा. सुरुवात एकाच विषयाने करा, आणि असा घ्या की त्यावरची दोन-तीन पुस्तकं तुमच्या कपाटात आहेत. पुरावा टिपताना पानाचा क्रमांक तेव्हाच लिहा. मी दोनदा लिहिला नाही आणि दोनदा सगळं पुस्तक परत चाळलं.

माझा प्रस्ताव गटाकडून पुढे गेला आहे. पुस्तक तोवर अडवून ठेवता येत नाही, म्हणून त्याला सध्या 'फोक साँग्ज, मराठी' आणि 'वर्क साँग्ज—इंडिया—महाराष्ट्र' ही दोन शीर्षकं दिली आहेत आणि सारांशाच्या रकान्यात 'जात्यावरच्या ओव्या' हे शब्द देवनागरीत टाइप केले आहेत. काल ते फडताळात लागलं. त्याचा दाखलांक मी माझ्या वहीत लिहून ठेवला आहे, शीर्षक मंजूर झालं की पहिली दुरुस्ती त्याच नोंदीत करायची.