व्हीआरएस घ्यावी की हिशोब मिळेपर्यंत थांबावं?

व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेचा, कागद नोटीस बोर्डावर लागला की कँटीनमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, मिळतंय ते घ्या आणि सुटा. दुसरी म्हणते, आपण कशाला जायचं, त्यांना काढायचं असेल तर काढू देत, कायद्याने द्यावंच लागेल. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, होतो, तिथे दोघांचंही ऐकून शेवटी अर्ज भरला. म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल. पण थांबणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही.

छाटणी झाली तर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार हा कायद्याचा किमान हिशोब. व्हीआरएसमध्ये सहसा याहून जास्त देऊ करतात. बीएसएनएलने २०१९ मध्ये झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवस आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवस असा दर लावला, तेव्हा ७८ हजारांवर लोकांनी अर्ज केले. खासगी कारखान्याकडून तेवढी अपेक्षा धरू नये, पण बोलणी करताना हा आकडा माहीत असलेला बरा. आणि एक पाहाच: एचआरवाले एकूण रकमेत ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे मिळवून आकडा फुगवून सांगतात. ते पैसे तसेही तुमचेच. ते वजा करून उरेल ती खरी व्हीआरएस. त्यातले ५ लाखांपर्यंत करमाफ, आणि ही सवलत आयुष्यात एकदाच.

थांबणाऱ्याची खरी ताकद ज्येष्ठतेत असते. छाटणीत शेवटी लागलेला आधी जातो, त्यामुळे जुन्या माणसाचा नंबर उशिरा येतो. कारखाना मोठा असेल तर छाटणीला सरकारी परवानगीचा अडसरही असतो. मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्यावर परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली, म्हणजे मधल्या आकाराच्या बहुतेक कारखान्यांतून ती ढाल गेलीच. सुपरवायझर आणि मॅनेजर लोकांना तर ती आधीही फारशी नव्हती.

आता जी गोष्ट मला छळत होती ती. ऑर्डर आटल्या, पण हजेरीचं पंचिंग चुकत नव्हतं. सकाळी मशीन पुसायचं, कूलंटची टाकी उपसायची, चिप ट्रे धुवायचा, आणि जॉब कार्डवर लिहायचं ‘हाउसकीपिंग’. दुसऱ्या दिवशी तेच मशीन, तेच फडकं, तोच शब्द. पगार चालू होता, म्हणून तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? पण ज्या हाताने वीस मायक्रॉनच्या अचूकतेत बोअर (भोक) काढला, त्याला झाडू धरायची सवय लागत होती. बाहेर नोकरीला गेलं की कोणी सर्टिफिकेट बघत नाही. टेस्ट पीस देतात आणि मायक्रोमीटर लावतात. माझ्याआधी बाहेर मुलाखती देऊन आलेला एक जण म्हणाला, “ऑफसेट टाकताना दोनदा विचार करावा लागला रे.” ऑफसेट म्हणजे मशीनला द्यायची टूलच्या मापाची दुरुस्ती, रोजच्या सवयीचं काम. रकमेच्या बेरजा मी बऱ्याच केल्या होत्या, पण माझं ठरलं ते या वाक्यावर.

त्यात ले-ऑफ लागला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर हातात येतं निम्मं बेसिक आणि निम्मा डीए. बाकी भत्ते, इन्सेंटिव्ह विसरा. आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर? कागदावर कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारणवाल्या बँकांच्या बरोबरीचा मान आहे. पण जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली आणि कंपनी मोडीत काढायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला नोव्हेंबर २०२४ मध्ये. तेवढा दम ज्याच्या घरात आहे त्याने खुशाल थांबावं.

तरी सगळ्यांना एकच माप लावता येणार नाही. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेल्याला बाहेर कोण घेणार? शिवाय उरलेली वर्षं धरून रक्कम काढत असतील तर त्याच्या वाट्याला थोडकीच येते. त्याने बसून राहिलेलं बरं, असं मलाही वाटतं. चाळिशीच्या आसपासच्या, हातात ट्रेड असलेल्या माणसाला मात्र मी थांब म्हणणार नाही.

फक्त नोटिशीतली पैसे देण्याची ओळ नीट वाचा. आमच्या युनियनने रकमेत थोडी माघार घेतली, पण एक अट सोडली नाही: पूर्ण पैसे एकरकमी, आणि गेटपास जमा करायचा त्याच दिवशी खात्यात. शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीत पुढच्या तारखांचे चेक वाटले होते. तसं असतं तर मीही अर्ज भरला नसता, फडकं घेऊन मशीन पुसत बसलो असतो.