शॉच्या नाटकातला दमलेला सैनिक: रत्नागिरीतला प्रयोग, चार स्टार

बर्नार्ड शॉचं 'आर्म्स अँड द मॅन' मराठीत, तेही हौशी ग्रुप करणार म्हटल्यावर जरा धाकधूकच होती, कारण आपल्याकडे स्टेजवर सैनिक आला की छाती पुढे, आवाज टिपेला आणि मरताना पण पाच मिनिटांचं भाषण. पण पहिल्या अंकात ब्लंट्श्ली केलेल्या पोराने कमाल केली राव, तेवढ्या एका सीनवर तिकिटाचे पैसे वसूल.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, 1885 चं सर्बिया-बल्गेरिया युद्ध, ब्लंट्श्ली हा सर्बियाकडून लढणारा स्विस माणूस, जीव वाचवत रात्री बाल्कनीतून शत्रूच्याच मेजरच्या पोरीच्या, म्हणजे राइनाच्या, खोलीत घुसतो. तीन दिवस गोळीबारात काढलेले, पिस्तूल आहे पण रिकामं, आणि काडतुसांच्या जागी हा चॉकलेट घेऊन फिरणारा, तेही संपलेलं. शॉने 1894 मध्ये लिहिलेलं हे आजही नवीन वाटतं.

थकवा दाखवायचा म्हणजे धापा टाकायच्या, कपाळ पुसायचं, असलं या पोराने काहीच केलं नाही. हा बोलतो अगदी शहाण्यासारखं, हिशोबी, फक्त मान प्रत्येक वाक्याला जराशी उशिरा वळते. राइनाने चॉकलेटचा डबा पुढे केला तेव्हा डबा संपल्यावर तळाशी बोट फिरवून चाटलं त्याने, लोक हसले आणि लगेच गप्प झाले. मिरकरवाड्याला बोटीवरून उतरलेले खलाशी बघितलेत ना, जेट्टीवर बसल्या बसल्या डोळा लागतो आणि हातातला चहा तसाच, अगदी तस्सं. पुढे पाईपवरून खाली उतर म्हटल्यावर हा नुसता त्या विचारानेच ढेपाळतो, आणि झोपायचं नाही, झोपायचं नाही असं स्वतःशी पुटपुटत शेवटी पलंगावर आडवा. राइनाची आई त्याला हलवायला लागली तेव्हा माझ्या मागच्या रांगेतल्या काकू मोठ्याने म्हणाल्या, "अगो झोपूं दे गो त्याला!" आणि पुढच्याच मिनिटाला स्टेजवर राइना जवळपास तेच म्हणाली. हॉल फुटला.

दिग्दर्शकाने गोष्ट कोकणात आणली नाही हे बरं केलं, नावं तीच, बर्फ तोच. उगाच ब्लंट्श्लीचा बाळकृष्ण झाला असता.

आता तक्रारी. ड्रेपरीवाल्याने कोट दिला तो कडक इस्त्रीचा, बटणं चकचकीत, चिखल म्हणून गुडघ्यावर दोन तपकिरी ठिपके, अरे तीन दिवस गोळीबारात होता ना हा? बिचाऱ्या नटाने अंगाने सगळं सांभाळलं आणि कपडा उलटं बोलत होता. घुसलेल्याला शोधत अधिकारी येतो तेव्हा पिस्तूल उघड्यावर पडलेलं दिसायला हवं, मोलकरणीला ते दिसतं हीच तर गंमत आहे, पण लाईट नेमका पडद्यावर, त्यामुळे निम्म्या लोकांना कळलंच नाही. सर्जियस, म्हणजे राइनाचा होणारा नवरा, ठीक, जरा ओरडला, पण त्या भूमिकेला ते खपतं. तिसरा अंक लांबला.

माईक मध्येच खरखरतो आणि मागे पंख्याचा आवाज येतो, म्हणून शक्यतो पुढच्या रांगांचं तिकीट काढा, ब्लंट्श्लीचं पुटपुटणं मागे अजिबात पोचत नाही. लहान पोरांना नेलंत तरी चालेल, फक्त मध्यंतरात चॉकलेट मागतील ही तयारी ठेवा. आणि कोट बदलणार असाल तर मी परत येतो.