भोपळा कोरायचा संच: दोन करवतींत पैसे वसूल, बाकीचं जेमतेम

३१ ऑक्टोबरला हॅलोविन, म्हणजे भोपळ्यावर चेहरा कोरून आत दिवा ठेवायचा सण. म्हणून ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या किराणा दुकानांत भोपळ्यांच्या ढिगाशेजारी नारिंगी मुठींच्या हत्यारांचे संच टांगलेले दिसतात. किंमत साधारण पाच ते सात डॉलर. आत जाड दात्यांची एक करवत, बारीक दात्यांची एक, एक टोचण, प्लॅस्टिकचा खरवडा आणि नक्ष्यांची पुस्तिका. कंपनी कोणतीही असो, सामान जवळपास हेच. मूळ कल्पना विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या पॉल बार्डीन यांची. घरातल्या मुलांसाठी त्यांनी अशा छोट्या करवती बनवल्या, आणि पुढे १९८६ साली त्यांच्या मुलाने त्याचा धंदा उभा केला.

संच घ्यावा तो या दोन करवतींसाठी. हातात घेतल्यावर पातं तकलादू वाटतं, अरुंद आणि दाबलं की वाकणारं. पण काम होतं ते या अरुंदपणामुळेच. स्वयंपाकघरातली रुंद सुरी सालीत रुतून बसते. ती काढायला जोर लावला की एकदम सुटते आणि भोपळा धरलेल्या हातावर येते. हॅलोविनच्या आठवड्यात हात कापून घेतलेली माणसं दवाखान्यात जातात ती बहुतेक अशा सुऱ्यांमुळे. करवतीचं पातं रुतत नाही, गोल डोळाही सहज वळवून कापतं आणि सुरीसारखी सलग धार नसल्याने घसरलं तरी सहसा ओरखड्यावर निभावतं. तरीही लहान मुलांच्या हाती टोचण आणि खरवडा द्या, करवत मोठ्यांनीच चालवा.

पातं तुटतं ते जवळजवळ नेहमी मुठीलगत, आणि कारण एकच: कोपऱ्यावर आल्यावर करवत आत ठेवूनच पिळली जाते. पातं सालीला काटकोनात धरा, हलक्या हाताने वरखाली चालवा, कोपरा आला की पूर्ण बाहेर काढा आणि नव्या दिशेने पुन्हा खुपसा. कापलेला तुकडा करवतीने उचकटू नका, आतून बोटाने ढकला. निघत नसेल तर एखादा कोपरा पूर्ण कापलेला नाही, तिथे परत करवत फिरवा.

खरवडा मात्र कामाचा नाही. प्लॅस्टिकची कड गरावर घसरते आणि दांडा वाकतो. आइस्क्रीमचा धातूचा डाव त्याहून बरा. घरात नारळ खवायची मुठीची खवणी असेल तर तीच घ्या, दातेरी गोल पातं तंतू झपाट्याने काढतं. हे खरवडणं कंटाळवाणं असतं, पण पुढचं सगळं काम इथे ठरतं. ज्या बाजूला चेहरा येणार तिथली भिंत साधारण एक इंच राहिली पाहिजे. टाचणी खुपसून अंदाज घेता येतो. जास्त जाड राहिली तर छोटं पातं आरपार पोचत नाही आणि उजेड फटीतच अडकतो. फार पातळ केली तर दुसऱ्या दिवशी दात आत वळायला लागतात.

झाकण कापायचंच असेल तर करवत आतल्या बाजूला तिरकी धरा, म्हणजे ते सुकून आक्रसल्यावरही आत पडत नाही. मागच्या कडेला एक खाच ठेवा, झाकण परत नेमकं बसतं. खरं तर भोक बुडाला पाडणं जास्त चांगलं. वरचा भाग अखंड राहतो, आकार टिकतो आणि दिव्यावर भोपळा नुसता टोपलीसारखा ठेवता येतो. देठाला धरून उचलू नका, तो मोडतो.

पुस्तिकेतल्या नक्ष्या ठीकठाक आहेत, पण छापील आकार तुमच्या भोपळ्याला बसेलच असं नाही. फोटोकॉपी करून लहानमोठा करा आणि मूळ कागद जपून ठेवा. गोल पृष्ठभागावर कागदाला चुण्या पडतात. कडेने तीन-चार चिरा द्या, मग चिकटपट्टीने बसवा. टोचणाने रेषेवर साधारण तीन मिलिमीटर अंतराने टोचे मारा. कागद काढल्यावर टोचे दिसत नसतील तर सालीवर मैदा चोळा, भोकं पांढरी उठून दिसतात. कापण्याआधी एकदा पाहा की राहणारा प्रत्येक भाग कुठेतरी भिंतीला जोडलेला आहे. बाहुली ठेवलेला डोळा हमखास इथे फसतो: सभोवारचं कापलं की बाहुली खाली पडते. मधले बारीक तुकडे आधी कापा, मोठं तोंड शेवटी. उलट केलंत तर भिंत कमकुवत होते आणि बारीक कामाच्या वेळी चिरते. तुटलेला दात दातकोरणीने परत टोचून बसवता येतो.

हा संच हॅलोविनच्या नेहमीच्या नारिंगी भोपळ्यांसाठीच आहे. हाउडन ही त्यातली जुनी, भरवशाची जात: भक्कम देठ. भारतीय दुकानात फोडी करून मिळतो त्या लाल भोपळ्याचा गर जाड आणि घट्ट असतो, त्यावर ही करवत चालवाल तर तुटेल. उलट कोरलेल्या भोपळ्याच्या गराचे घारगे करायला जाऊ नका, तो पाणचट आणि बेचव असतो. बिया मात्र धुऊन, कोरड्या करून, मीठ-तेल लावून ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसला वीसेक मिनिटं भाजा, छान लागतात.

आत पणती ठेवायचा मोह होतो, पण तेल सांडतं आणि झाकण करपतं. ज्योतच हवी असेल तर झाकणाला धुराचं भोक पाडा. नाहीतर बॅटरीचा एलईडी दिवा पुरेसा. त्याने आतला गर तापत नाही, म्हणून भोपळाही जास्त टिकतो.

टिकण्याबाबत वेष्टनावरचे दावे फार मनावर घेऊ नका. गरम हवेत तीन-चार दिवस, थंडीत आठवडा. कापलेल्या कडा सुकतात आणि आत बुरशी धरते, दोन्ही एकदमच. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून आतून पुसलं आणि वाळल्यावर कडांना व्हॅसलिन लावलं तर एखाद-दोन दिवस वाढतात. मात्र व्हॅसलिन लावल्यावर आत एलईडीच ठेवा. सुरकुतलेला भोपळा रात्रभर थंड पाण्यात बुडवला की बराच सावरतो. कडाक्याची थंडी असेल त्या रात्री आत घ्या, गोठून वितळला की लगदा होतो. एकूण काय, ३१ तारखेसाठी कोरायचं तर २९ किंवा ३०लाच बसा.

बॅटरीवर थरथरणारी करवतही याच फळीवर असते. जाड भिंतीत ती अडते, बारीक कामात हाताचा ताबा जातो. ते जास्तीचे पैसे वाचवा. त्याऐवजी सालीवर छटा काढायची हौस असेल तर लायनोकटचं, म्हणजे छापाचे ठसे कोरायचं छोटं हत्यार घ्या, नुसती साल सोलली की आतला गर मंद उजळतो. संचातल्या करवती त्याच रात्री धुऊन कोरड्या पुसा, नाहीतर पाती गंजतात. आणि पुढच्या वर्षासाठी जास्तीचा संच हवा असेल तर १ नोव्हेंबरनंतर घ्या, तेव्हा तो उतरत्या किमतीत मिळतो.